काकाजींचं ‘काहून’

“मुकी आहे का जी ते पोरगी?”

मशीनच्या खोलीबाहेर चपला काढून ठेवायची लाकडी फळी होती. मी वाकून सँडलचा पट्टा सोडवत होते आणि पार्टिशनपलीकडे ऑफिसातल्या दमयंतीबाई माझी चौकशी करत होत्या. मला नोकरीला लागून जेमतेम पंधरवडा झाला असेल. पट्टा सुटला होता, तरी मी तो सोडवत राहिले.

“मुकी काहून असन वं?” काकाजींचा आवाज आला. “तिच्याबद्दल तू मले विचारून राहिली. तिले विचार ना, जागेवर. इकडून तिकडं जाणं-येणं कशाले?”

दमयंतीबाईंनी मला जागेवर काही विचारलं नाही. मी आत गेल्यावर त्या हसल्या, मीही हसले, आणि आमच्यातला संवाद तेवढ्यावर पुढची कितीतरी वर्षं सुरळीत चालला. काकाजींनी मान वर केली नाही. त्यांच्या हातात लाल पेन्सिल होती आणि समोर प्रिंटरचा हिरव्या पट्ट्यांचा रुंद कागद घडीघडीने टेबलावरून जमिनीवर उतरत होता.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. रामदासपेठेत एका हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. खाली पेशंट कण्हत, वर प्रिंटर. नागपुरात कॉम्प्युटर ही तेव्हा पाहायला जायची वस्तू होती. साहेबांच्या ओळखीचे लोक पाहुण्यांना घेऊन येत, चपला काढत आणि काचेपलीकडच्या कपाटाएवढ्या यंत्राला हात जोडायचे की नाही, याचा क्षणभर विचार करत. दसऱ्याला आम्हीच त्याला झेंडूचा हार घालत असू, त्यामुळे त्यांना हसायचा आम्हाला अधिकार नव्हता. मे महिन्यात तर सगळ्या स्टाफला यंत्राचा लळा लागे. एअरकंडिशनर फक्त त्याच्या खोलीत होता. बाहेर कूलरची खस वाळून खडखडत असे आणि आत साहेब स्वतः खुर्ची टाकून ‘देखरेख’ करत बसत.

आमचं मुख्य काम सावनेरकडच्या कोळसा खाणींचं. कुठल्या खाणीतून कुठल्या प्रतीचा किती कोळसा निघाला, तो कुठल्या वॅगनमध्ये जायचा, याचे आकडे सकाळी जीपने येत आणि त्यांचा छापील रिपोर्ट घेऊन तीच जीप संध्याकाळी परत जाई. आमच्या ऑफिसात खरा दरारा त्या जीपचा होता. साहेबांनी हाक मारली तर लोक हातातलं काम संपवून जात. जीपचा हॉर्न वाजला की हातातलं काम टाकून धावत.

काकाजींना सगळेच काकाजी म्हणत, साहेबसुद्धा. ते आमचे सर्वांत जुने प्रोग्रामर. पूर्वी कुठल्याशा सरकारी खात्यात कार्डांना भोकं पाडणाऱ्या यंत्रांवर होते, आणि सेंटरमध्ये पहिलं मशीन आलं तेव्हा त्याच्या खोक्यांबरोबरच तेही आले, असं दमयंतीबाई सांगत. त्यांचा जगाबद्दल एकच सिद्धान्त होता आणि तो ते कोणालाही, मागणी नसताना, देत. जगात काम थोडं आहे, जाणं-येणं फार आहे.

“चहा प्याले किती वेळ लागते? एक मिनिट,” ते म्हणत. “टपरीवर जायले-यायले अर्धा घंटा. म्हणजे तुम्ही चहा नाही पेत, जाणं-येणं पेता.”

म्हणून त्यांचा चहा थर्मासात, टेबलावर. टेबलावर आणि टेबलाच्या खणांत आणखीही बरंच काही होतं. सुई-दोरा, पेचकस, दाढीचा आरसा, होमिओपॅथीच्या गोळ्या, चाकू, एक-दोन कांदे आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत भिवापूरच्या मिरचीचं तिखट. बटण तुटलं तर घरी जाऊन लावायचं, डोकं दुखलं तर खाली डॉक्टरकडे जायचं, असले प्रकार त्यांना उधळपट्टीचे वाटत. महिन्यातून एकदा न्हावी त्याची पेटी घेऊन ऑफिसच्या गॅलरीत येई. एकदा काकाजींच्या अर्ध्या डोक्याचे केस कापून झाले असताना खाणीचे मोठे अधिकारी आले. काकाजी तसेच, गळ्यात टॉवेल, त्यांना रिपोर्ट समजावून सांगायला उभे राहिले. अधिकारी सगळा वेळ रिपोर्टकडे पाहत होते. इतक्या लक्षपूर्वक तो रिपोर्ट त्यांनी आधी किंवा नंतर कधी पाहिला नसेल.

घरही त्यांनी ऑफिसच्या मागच्याच गल्लीत घेतलं होतं. एक खोली, एक ओटा. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, जिला ते बाई म्हणत. बाईंना संधिवाताने अंथरुणाला खिळवलं होतं. पाय गेले होते, बोटं वाकडी होऊन बसली होती, आवाज मात्र शाबूत होता. पायांतलं आणि हातांतलं सगळं बळ बहुधा तिकडेच गेलं असावं.

“अरे एऽ! भाताचं कोण पाहीन?”

दुपारी बाराच्या सुमाराला ही हाक मागच्या खिडकीतून आत येई. साहेब फोनवर इंग्रजीत बोलत असले तर फोनचं तोंड हाताने झाकत. काकाजी खिडकीशी जाऊन “आलो वं बाई!” म्हणत, मशीनला एखादा लांब प्रोग्राम चघळायला देत आणि जिना उतरत. भात लावायचा, बाईंना स्वतःच्या हाताने घास भरवायचे, तोंड पुसायचं, आणि प्रोग्राम संपायच्या आत परत यायचं. उभ्या दिवसात एवढंच जाणं-येणं त्यांना मंजूर होतं.

मी इंदोऱ्याहून सायकलने येत असे. माझे वडील पोस्टात होते आणि आपल्या मुलीने इंग्रजी कॉन्व्हेंटातच शिकायचं, हा त्यांचा हट्ट होता. ऑफिसात कोणी “कुठं राहता?” विचारलं आणि मी “इंदोऱ्याला” म्हटलं, की पुढचा प्रश्न बहुधा येत नसे. वस्तीच्या नावातच समोरच्याला जातीचं हवं ते उत्तर मिळालेलं असे. कोणी थोडं जास्त गोड बोलू लागे, कोणी डबा थोडा पलीकडे सरकवे. काकाजींनीही विचारलं होतं.

“इंदोरा? सायकलनं?” ते खरोखर हळहळले. “अरे बापरे. तुह्यं तं अर्धं आयुष्य रस्त्यातच जाईन, पोरी.”

माझ्या पत्त्याबद्दल त्यांचा तेवढाच आक्षेप होता.

साहेबांशी मी इंग्रजी बोले, इतरांशी पुस्तकातल्यासारखं मराठी. घरी आम्ही सगळे मले-तुलेच बोलत असू, पण ती भाषा मी रोज वाटेतल्या पुलाच्या अलीकडे ठेवून पुढे येत असे. ऑफिसातले बाकीचे ती आपापसांत मजेत बोलत. त्यांनी बोलली तर ती गंमत असे. मी बोलले असते तर तो पुरावा झाला असता. तेव्हा मी कमी बोले, आणि जे बोले ते इस्त्री करून.

आता काकाजींच्या वैऱ्याबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव कंपायलर.

आम्ही प्रोग्राम लिहीत असू फोरट्रान नावाच्या भाषेत. ती यंत्राला कळत नाही. यंत्राच्या भाषेत तिचं भाषांतर करणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. आता कुठल्याही मोठ्या प्रोग्राममध्ये काही बारीक कामं पुनःपुन्हा लागतात. दोन आकड्यांतला मोठा कोणता ते पाहणं, अपूर्णांकाचा पूर्ण आकडा करणं. अशी कामं लिहून तयार असलेली एक लायब्ररी यंत्राबरोबर आली होती. आपण नुसतं नाव घ्यायचं आणि काम करून घ्यायचं. सोय चांगली, पण दर वेळी यंत्राला हातातलं काम खाली ठेवावं लागतं, आपण कुठे होतो ते लक्षात ठेवावं लागतं, लायब्ररीत जावं लागतं, काम करून परत यावं लागतं, आणि खाली ठेवलेलं पुन्हा उचलावं लागतं. काम चिमूटभर, आणि त्यासाठी हे सगळं. कोळशाच्या हिशेबात हे दिवसातून लाखो वेळा होई. काकाजींना याचा किती त्रास होत असेल, हे वर थर्मासाबद्दल वाचलेल्याला वेगळं सांगायला नको.

त्यांना दुखावलं होतं ते मात्र पुस्तकाने. कंपायलरबरोबर आलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात एक वाक्य होतं. ते त्यांनी मला पहिल्याच महिन्यात मराठीत सांगायला लावलं. काम छोटं असेल, तर कंपायलर त्याच्याकडे न जाता त्या कामाचा मजकूरच जागेवर उतरवून घेईल, अशा अर्थाचं.

“पुन्हा सांग,” काकाजी म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. पुढे दर आठवड्याला ते मला ते वाक्य वाचायला लावत. जागेवर उतरवून घेईल. घेईल असंच लिहिलं आहे ना? ‘घेऊ शकेल’ नाही ना? नाही, काकाजी. घेईल.

पण तो घेत नसे. कंपायलरने केलेलं भाषांतर छापून काढता येई. काकाजी ते रोज छापत आणि जिथे जिथे ‘कॉल’ असा शब्द, म्हणजे ‘जा, तिकडे जाऊन करून ये’, असा हुकूम असे, तिथे लाल रेघ मारत. लायब्ररीतल्या दोन-दोन ओळींच्या कामांपुढेही रेघा. पानंच्या पानं लाल होत.

“काहून?” ते विचारत. “दोन ओळीचं काम. एवढ्या मोठ्या कंपनीनं बनवलेलं. अन हा त्याले जागा नाही देत. काहून?”

हे ‘काहून’ त्यांनी कोणाला विचारलं नाही? साहेबांना, खाणीच्या अधिकाऱ्यांना, एअरकंडिशनर दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकला, न्हाव्याला. न्हावी म्हणाला, त्याची मर्जी. काकाजींचं स्वतःचं मत निराळं होतं.

“तो सरकारी आहे,” ते म्हणत. “मी राहिलो ना सरकारात, मले माहीत आहे. सोताच्या टेबलावर होत असन तरी दुसऱ्या खिडकीवर पाठवते. त्याच्याशिवाय त्याले काम केल्यासारखं वाटतच नाही.”

कंपायलर उतरवून घेत नाही म्हटल्यावर काकाजींनी ते काम स्वतःच्या हातात घेतलं. लायब्ररीतलं छोटं काम जिथे जिथे लागे, तिथे तिथे त्याच्या ओळी ते हाताने लिहीत. एकच मजकूर, शेकडो जागी. त्यांचा प्रोग्राम त्यामुळे एखाद्या लग्नघरासारखा झाला होता. प्रत्येक खोलीत तीच भांडी, तेच पाट. वाचायला गेलं तर रस्ता सापडत नसे. पण तो जीपच्या आधी संपे, रोज.

प्रकाशचा संपत नसे. प्रकाश आमच्याकडचा दुसरा प्रोग्रामर, इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकताच आलेला, साहेबांचा आवडता. त्याने तोच हिशेब नव्याने, नीटनेटका, लायब्ररीवर विसंबून लिहिला होता. वाचायला इतका छान की साहेब तो पाहुण्यांना दाखवत. फक्त संध्याकाळी खाली जीप हॉर्न वाजवत उभी राही आणि प्रकाशचा प्रोग्राम अजून कुठल्यातरी वॅगनसाठी लायब्ररीत गेलेला असे. मग रिपोर्ट काकाजींच्या प्रोग्राममधून निघे.

काकाजींचा पाय घसरला तो एकदाच, पण घसरायचा तसाच घसरला. खाणीवाल्यांनी नियम बदलला. अर्ध्याच्या वरच्या अपूर्णांकाला आधी वरचा आकडा धरत, आता नेहमी खालचाच धरायचा. प्रकाशला एका जागी बदल करावा लागला असता. काकाजींना शेकडो जागी. चष्मा सावरत, बोट ठेवत, ते बदल करत गेले, आणि एक जागा राहिली. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये वरची बेरीज आणि खालची बेरीज जुळेना. खाणीतून निघालेला थोडा कोळसा वॅगनपर्यंत पोचण्याआधी कागदावरच जळून गेला होता. खाणीच्या ऑफिसातून फोन आला. साहेबांनी “यस सर, यस सर” करत तो ऐकला आणि खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले, “काकाजी, हे असं हाताने किती दिवस?”

मग त्यांनी निर्णय सांगितला. मुंबईहून मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर येईल, प्रकाशचा प्रोग्राम वेगाने चालवून देईल. तो जीपच्या आधी संपायला लागला, की काकाजींची इथे गरज नाही. सावनेरला खाणीच्या वजनकाट्याजवळ सेंटरची एक खोली होती, आकडे गोळा करायला. तिथे माणूस हवाच होता.

काकाजी जागेवर बसल्यावर लाल रेघांच्या कागदाला म्हणाले, “सावनेर. म्हणजे रोज सकाळी यस्टी, रोज संध्याकाळी यस्टी.” थोड्या वेळाने, आणखी हळू: “अन दुपारी भाताचं?”

त्याच सुमाराला माझ्या हातून एक गोष्ट झाली. ती हुशारीने झाली असती तर सांगायला बरं वाटलं असतं. ती भिडस्तपणाने झाली. लायब्ररी ज्या डिस्कवर होती ती प्रकाशच्या कपाटात कुलपात असे. हवी तर त्याच्याकडे जाऊन मागावी लागे, आणि तो कशाला हवी, किती वेळ हवी, मागच्या वेळी नीट ठेवली होती का, हे सगळं सर्वांना ऐकू जाईल असं विचारी. मला एका लहानशा प्रोग्रामसाठी ते आकड्याचं काम हवं होतं. मागायला जाण्यापेक्षा मी त्याच्या ओळी, काकाजी हाताने लिहीत तशा, माझ्याच फाइलच्या सुरुवातीला टाइप केल्या आणि पुढे नेहमीसारखी नावाने वापरल्या. भाषांतर छापून आलं. त्यात ‘कॉल’ नव्हता. एकाही जागी नव्हता. कंपायलरने तो मजकूर गुपचूप जिथल्या तिथे उतरवून घेतला होता, पुस्तकात म्हटलं होतं तसा.

मला वाटलं माझंच काही चुकलं. मी कागद टोपलीत टाकला.

टोपलीतले कागद काकाजी नेत, पाठकोऱ्या बाजूवर लिहायला. दुसऱ्या दिवशी तो कागद माझ्या टेबलावर नीट घडी करून ठेवलेला होता. एकही लाल रेघ नव्हती.

“रेघ माराले जागाच नाही भेटली,” काकाजी म्हणाले, आणि उभे राहिले.

मी हसले. माझ्याकडे तेच एक उत्तर असे.

“बरं,” ते म्हणाले आणि गेले. एअरकंडिशनरच्या मेकॅनिकला विचारणाऱ्या माणसाने मला विचारलं नाही.

त्या दुपारी मी तेच काम दोन तऱ्हांनी करून पाहिलं. माझ्या फाइलीत लिहिलं की तो घेई. तेच, अक्षरही न बदलता, वेगळ्या फाइलीत ठेवलं की घेत नसे. मग कारण दिसायला वेळ लागला नाही, आणि ते इतकं साधं होतं की मला काकाजींच्या सगळ्या लाल पेन्सिलींचं वाईट वाटलं. कारण कळलं तसं त्यापुढचंही कळलं. प्रकाशच्या फाइलीच्या डोक्यावर ती चार-दोन छोटी कामं लिहून ठेवली, तर त्याचा तो देखणा प्रोग्राम जीपच्या आधी संपेल. म्हणजे काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना दिलं, की ते सावनेरला जाणार. मी सांगितलं नाही. न सांगण्याचा मला सराव होता. पण आधीचं न सांगणं माझ्यापुरतं असे. हे रोज बारा वाजता खिडकीतून हाक मारून आठवण करून देई.

काकाजींना माझ्या मनातलं किती कळलं होतं कोण जाणे. एकदा थर्मासातला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे ठेवत ते आपणहून म्हणाले, “मले समजलं तं मी सावनेरले जाईन. नाही समजलं तं मरतानाही विचारीन, काहून. दोन्हीमधी बरं काय?” मी चहा प्याले. त्या ऑफिसात दुसऱ्याच्या भांड्यातून मी घेतलेला तो पहिला चहा. त्यांनी झाकण पुसून परत थर्मासाला लावलं आणि लाल पेन्सिलला टोक करायला घेतलं.

काकाजी पुढे सावनेरला गेले. पुढच्या हिवाळ्यात रिपोर्टच्या कामाने मी जीपमधून तिथे गेले होते. ते एक दिवसही यस्टीने गेले-आले नव्हते. बाईंची खाट, भांडी, थर्मास, कांदे, मिरचीची बाटली, सगळं एका टेम्पोत घालून त्यांनी वजनकाट्याच्या मागच्याच भिंतीला लागून खोली घेतली होती. भिंतीत खिडकी नव्हती. ती त्यांनी पाडून घेतली होती. साहेबांनी त्यांना एका जागेवरून काढून दुसरीकडे पाठवलं, आणि ते आपलं सगळं घर तिथे जसंच्या तसं उतरवून बसले. बाहेर कोळशाचे ट्रक रांगेत घरघरत होते आणि काकाजी एका ड्रायव्हरला सांगत होते की ट्रक चालवायचं काम थोडं असतं, रांगच फार.

बाईंना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. त्या दारात, उन्हात, खाटेवर होत्या.

“तूच का वं ते? बोललेली?”

मी मान हलवली.

“मंग बोल ना आता. इतक्या दुरून मान हलवाले आली?”

मी विचारलं, इथे बरं वाटतं का.

“काय बरं? कोळसा उडून भातात पडते. काळा भात खाऊन राहिली मी.” मग खिडकीकडे पाहून म्हणाल्या, “तो दिसते दिवसभर. तिथं नुसता आवाज येये त्याचा.”

काकाजींनी जाताना मला जीपपर्यंत सोडलं. त्यांच्याकडे नवीन प्रश्न तयार होता. “तू सांगितलं ते समजलं. पण मंग कंपनी लायब्ररी उघडी काहून नाही देत? बंद करून काहून देते?” जीपवाला हॉर्न वाजवत होता.

आणि मी बोलले ते असं.

मुंबईचे इंजिनिअर आले ते भर मे महिन्यात, टाय लावून. मशीनच्या खोलीत साहेब, प्रकाश, काहीतरी निमित्त काढून दमयंतीबाई, आणि कोपऱ्यात आपल्या कागदांची चळत मांडीवर घेऊन काकाजी. इंजिनिअरना मराठी येत नव्हतं आणि हिंदी बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. साहेब मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. काकाजींना जरा समजावून सांगत जा.” आणि मला मधल्या स्टुलावर बसवलं.

इंजिनिअरनी प्रकाशच्या प्रोग्रामवर पुस्तकातले सगळे उपाय केले. तो तसाच रेंगाळत होता. शेवटी काकाजींनी चळत पुढे केली.

“विचार त्याईले. लायब्ररीतलं जागेवर घेत काहून नाही?”

मी विचारलं. इंजिनिअर बराच वेळ बोलले. मी सांगितलं, “ते म्हणतात, कंपायलर फार हुशार आहे. काय घ्यायचं, काय नाही, ते तो स्वतः ठरवतो. काम मोठं असेल तर घेत नाही.”

“दोन ओळीचं आहे. अन हुशार तं आमचे साहेबही आहेत,” काकाजी म्हणाले. दमयंतीबाईंनी पदर तोंडाला लावला. “ठरवते कशावरून, ते विचार.”

मी विचारलं. इंजिनिअर माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाले की या वृद्ध गृहस्थांनी असल्या गोष्टींचा त्रास करून घेण्याचं कारण नाही, यांचं वय आणि यांची पद्धत दोन्ही आता निवृत्त झाली आहेत. साहेब हसले. प्रकाश, वाईट मुलगा नव्हता, पण तोही हसला.

“काय म्हणते?”

“ते म्हणतात... पाहून कळवतील.”

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं. “अर्धं रस्त्यातच सांडलं वाटते,” ते म्हणाले.

“काकाजी, तो तुम्हाला घाबरतो हो,” प्रकाश म्हणाला. “तुम्ही लाल रेघ माराल म्हणून लपतो.” आता सगळेच हसले. काय झालं हे न कळूनही इंजिनिअर हसले.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून हाक आली. “अरे एऽ! भाताचं कोण पाहीन?”

काकाजी उठतील म्हणून साहेबांनी पाय बाजूला घेतले. काकाजी उठले नाहीत. त्यांनी मांडीवरच्या चळतीतून एक कागद काढला. माझाच तो, बिनरेघांचा. केव्हा माझ्या टेबलावरून परत नेला होता कुणास ठाऊक. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

“तिकडचं इकडं आणणं बंद कर आता, पोरी. तुह्यं सांग. जागेवर,” ते म्हणाले. मग खिडकीकडे मान करून, मलाच, “भाताचं मी पाहून घेईन.”

साहेब माझ्याकडे पाहत होते, इंजिनिअर पाहत होते. मी कोणत्या भाषेत उत्तर देणार याच्या सगळ्यांच्या मनात दोनच कल्पना होत्या. मी स्टूल काकाजींकडे वळवलं.

“त्याले दिसतच नाही, काकाजी,” मी म्हटलं. “लायब्ररी बंद होऊन येते. आपण त्याले नुसतं नाव सांगतो, आत काय आहे ते कधी दाखवतच नाही. ज्याले पाह्यलंच नाही, त्याले तो जागा कशी देईन? दाखवून पाहा. दाखवलं का घेते.”